ओसरीवरचे राज्य आणि उघडी वही

लोकशाहीत कायदा कोण करतो, असे नागरिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला विचारले तर तो चटकन सांगेल की, लोकांनी निवडून दिलेले सभासद करतात. उत्तर बरोबर आहे. परंतु ज्याने एखाद्या विधेयकामागे चार वेळा तरी पायपीट केली आहे, त्याला या उत्तराच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला दिसतो. हात सभासदांनी वर केला हे खरे. पण सभागृहात शिरण्यापूर्वी त्यांच्या कानाशी कोण लागले होते? आणि त्या कानाशी लागणाराच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणी केली होती?

या कानाशी लागण्याला इंग्रजीत लॉबिंग म्हणतात, आणि तो शब्द आता आपल्याही वर्तमानपत्रांत रुळला आहे. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. ब्रिटिश पार्लमेंटात मतदार आपल्या प्रतिनिधीला जेथे गाठत, ती ही जागा. अमेरिकेत ग्रँट अध्यक्ष वॉशिंग्टनच्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात चिरूट ओढीत बसत, तेथे अर्जदारांची गर्दी होई आणि त्यावरून हा शब्द निघाला, अशी एक चटकदार गोष्ट सांगतात. ती दंतकथा आहे. ग्रँट १८६९ साली अध्यक्ष झाले. शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे वापरात होता. ओसरीवर बसणारे लोक कायदेमंडळाइतकेच जुने आहेत.

आम्ही कामगार संघटनेचे लोक. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, या ओसरीवर आम्हीही बसत आलो आहोत. निवेदनाचा कागद घेऊन आमदाराच्या दारी जाणे, खासदाराला गाडी सुटण्यापूर्वी फलाटावर गाठणे, मंत्र्यांच्या स्वीय सहायकापुढे ताटकळत उभे राहणे, हे आमचे नित्यकर्म आहे. म्हणून ‘लॉबिंग बंद करा’ अशी घोषणा आम्ही देणार नाही. गाऱ्हाणे घेऊन राज्यकर्त्याकडे जाण्याचा हक्क काढून घेतला, तर पहिला मार आमच्यावर बसेल. ज्याच्या घरी मंत्री जेवायला येतात, त्याला निवेदन लागतच नाही. प्रश्न इतकाच आहे की, या दारावर कोण येतो, कोणाच्या पैशाने येतो आणि काय मागतो, हे ज्यांच्यासाठी कायदा होतो त्या लोकांना कळावे की कळू नये. या प्रश्नाशी सर्वांत दीर्घ झटापट अमेरिकेने केली आहे. तिच्या यशापेक्षा तिच्या फसगतींतून शिकण्यासारखे अधिक आहे, म्हणून आज तिचा इतिहास आम्ही थोडा सविस्तर सांगतो.

अमेरिकनांनी प्रथम बंदीचाच मार्ग धरला. मेक्सिकोशी १८४८ चा तह करणाऱ्या निकोलस ट्रिस्ट यांचे सरकारकडे जुने येणे होते. ते मंजूर करून घेणाऱ्या मध्यस्थाला वसुलीच्या चौथ्या हिश्शाचा करार झाला होता. पैसे मिळाल्यावर हिश्शाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायदेमंडळावर खासगी वजन विकण्याचा असा करार लोकहिताविरुद्ध आहे, त्याला न्यायालय हात लावणार नाही, असा निकाल १८७० नंतरच्या त्या दशकात लागला. १८७७ साली जॉर्जिया राज्याने तर आपल्या राज्यघटनेतच लॉबिंग हा गुन्हा ठरवला. पण बंदीने काय साधले? ओसरीवरचा माणूस ओसरीवरच राहिला. फक्त त्याने आपले नाव बदलून वकील, सल्लागार किंवा मित्र असे ठेवले. अखेर १८९० साली मॅसॅच्युसेट्स राज्याने शहाणपणाचा मार्ग काढला. या, बोला, पण तुम्ही कोणाचे आणि तुम्हाला किती मिळाले, ते वहीत लिहा. नोंदवहीची कल्पना तेथून वर आली.

राष्ट्रीय पातळीवर मात्र ती यायला अर्धे शतक आणि दोन मोठी प्रकरणे लागली. पहिले प्रकरण १९१३ चे. विल्सन अध्यक्षांनी जकातीचे दर उतरवण्याचे विधेयक आणले, तेव्हा वॉशिंग्टन शहर कारखानदारांच्या माणसांनी भरून गेले आहे, अशी जाहीर तक्रार त्यांनी स्वतःच मे महिन्यात केली. सेनेटची चौकशी बसली आणि सेनेटरांनाच आपापल्या मालमत्तेचा हिशेब समितीपुढे सांगावा लागला. तोच एक नवा स्फोट झाला. नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्स ही कारखानदारांची बलाढ्य संस्था. तिच्या मार्टिन मल्हॉल नावाच्या जुन्या हस्तकाने आपली सारी कर्मकथा वर्तमानपत्रात छापून टाकली. कामगारांच्या बाजूने मत देणाऱ्या सभासदांना निवडणुकीत पाडायचे, कामगार संघटनांत फूट पाडायची, प्रतिनिधीगृहातल्या मुख्य शिपायाला दरमहा पैसे देऊन आतल्या बातम्या काढायच्या, अशी कामे आपण पगारावर केली, असे त्याने सांगितले. त्याचे सगळेच सांगणे जसेच्या तसे धरता येत नाही. बढाईचा भाग त्यात होता. तरी चौकशीअंती इलिनॉयचे प्रतिनिधी मॅकडरमॉट यांच्यावर ठपका आला आणि १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. पाहा, सभासद गेला. संस्था जागच्या जागी राहिली. हा मासला लक्षात ठेवावा, कारण तो पुढे आपल्याही देशात भेटणार आहे.

दुसरे प्रकरण १९३५ चे. वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या डोक्यावर मालकी-कंपन्यांचे मजल्यावर मजले चढले होते आणि त्या साऱ्यांचा भार अखेर ग्राहकाच्या बिलावर पडत होता. रूझवेल्ट सरकारने हे मजले उतरवणारे विधेयक आणले. लागलीच काँग्रेसवर, म्हणजे तेथल्या संसदेवर, विरोधाच्या तारांचा पाऊस पडू लागला. पेनसिल्व्हेनियातील वॉरेन नावाच्या लहानशा गावातून तेथील प्रतिनिधी ड्रिस्कॉल यांना आठशेंहून अधिक तारा आल्या. त्यांना शंका आली, कारण सह्यांतली नावे वर्णमालेच्या आरंभीच्या अक्षरांचीच फार होती. ज्यांची नावे होती त्यांतल्या अनेकांना तारेचा पत्ताच नव्हता; नावे गावच्या नामसूचीतून उतरून घेतली होती. अलाबामाचे सेनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीपुढे तारखात्यातला एक पोऱ्या आला आणि त्याने सांगितले की, आपल्याला तारेमागे तीन सेंट मिळत. तारांचा खर्च कंपनीचा होता. मूळ कागद जाळून टाकल्याचेही चौकशीत निघाले.

तीन सेंट! जनतेचा आवाज म्हणून ज्याची गणना होणार होती, त्याची बाजारातली किंमत इतकी होती. आमच्या मते लॉबिंगच्या साऱ्या इतिहासात याहून बोलका आकडा नाही. सभासदाला विकत घेण्यापेक्षा सभासदाच्या मतदाराची सही बनावट करणे स्वस्त पडते, हे कंपन्यांना कळून चुकले होते.

पण ब्लॅक यांच्या समितीचीही एक बाजू सांगितली पाहिजे. पुराव्याच्या शोधात तिने तार-कंपन्यांकडून हजारो खासगी तारा सरसकट मागवून वाचल्या. लोक खवळले. १९३६ साली प्रकरण न्यायालयात गेले, आणि न्यायाधीशांनी अशी सरसकट झडती बेकायदा असल्याचे मत दिले. मात्र समितीला रोखण्याचा अधिकार आपल्याला नाही असेही म्हटले. याचा अर्थ आम्ही असा लावतो की, जेथे रोजची वही नसते तेथे मग धाड घालावी लागते, आणि धाड पडली की दोषी-निर्दोषी सगळ्यांचीच कपाटे उपसली जातात. नोंदवही ही नागरिकाच्या खासगीपणाची शत्रू नसून तिचे रक्षण करणारी आहे.

विजेच्या कंपन्यांचा कायदा १९३५ च्या ऑगस्टात झाला. त्यातच, या कंपन्यांनी कायदेमंडळाकडे पाठवलेल्या माणसांची नोंद करावी, असे कलम घातले गेले. पुढे १९४६ साली काँग्रेसच्या कामकाजाची पुनर्रचना करणाऱ्या मोठ्या कायद्यात लॉबिंगच्या नियमनाचे प्रकरण आले. कायदे घडवण्या-बिघडवण्यासाठी पैसे घेणाऱ्याने नाव नोंदवावे आणि दर तिमाहीस हिशेब द्यावा, असा तो नियम होता. वही उघडली गेली. पण ती तपासणारा अधिकारी कोणी नेमलाच नाही. कारखान्यात हजेरीपट ठेवावा आणि टाइमकीपर ठेवू नये, तसे हे झाले.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हॅरिस खटला आला. शेतमालाचे भाव चढवणाऱ्या कायद्यांसाठी पैसे खर्च करून नोंद न केल्याचा तो आरोप होता. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या बहुमताने कायदा वाचवला, पण त्याचे अंग चांगलेच छाटले. लॉबिंग हाच ज्याचा मुख्य उद्देश आहे आणि जो सभासदांशी थेट संपर्क साधतो, त्यालाच नोंदीचे बंधन राहिले; पैसे देऊन उठवलेली पत्रांची मोहीम मात्र निकालाने कक्षेत ठेवली. मौज अशी की, विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक होते. तारांची चौकशी करणारे तेच ब्लॅक, १९३७ पासून न्यायासनावर बसलेले. कायद्याची भाषाच इतकी मोघम आहे की त्यावर माणसाला शिक्षा करता येणार नाही, हे मत त्यांना पटले होते. यात विसंगती नाही. लॉबीवाल्यांचा सर्वांत कडवा शत्रूही मोघम कायद्याला भ्याला, आणि संघटना बांधणाऱ्या माणसाने हे कधी विसरू नये. मोघम कायद्याचे पाते प्रथम दुबळ्याच्या मानेवर पडते.

निकालानंतर व्हायचे तेच झाले. ‘आमचा मुख्य उद्देश लॉबिंग नाही’ एवढे म्हटले की वहीपासून सुटका होऊ लागली. १९५६ साली नैसर्गिक वायूचे विधेयक सेनेटपुढे असताना साउथ डकोटाचे सेनेटर फ्रान्सिस केस यांनी उभे राहून सांगितले की, आपल्या निवडणूक निधीसाठी २,५०० डॉलर देऊ करण्यात आले होते आणि पैशांचा माग तेलधंद्याकडे जातो. विधेयक तरीही मंजूर झाले. आयसेनहॉवर अध्यक्षांना त्यातले धोरण पसंत होते. परंतु ज्या रीतीने ते पुढे रेटले गेले ती पाहून त्यांनी सही नाकारली. एका प्रामाणिक सभासदाच्या तोंडून जे बाहेर आले, ते वहीतून कधीच आले नसते. १९९१ साली अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासनीसांनी वॉशिंग्टनमधील प्रतिनिधींच्या एका छापील सूचीशी वही ताडून पाहिली, तेव्हा सूचीतील सुमारे १३,५०० नावांपैकी चार हजारसुद्धा वहीत सापडली नाहीत.

तेव्हा कोठे १९९५ साली नवा कायदा झाला. थेट सभासदच नव्हे, तर त्यांचे कर्मचारी आणि सरकारी अधिकारी यांच्याकडील खेपाही नोंदीत आल्या. २००६ च्या जानेवारीत जॅक अब्रामॉफ या बड्या लॉबीवाल्याने न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि त्या गदारोळातून २००७ ची सुधारणा आली. हिशेब पुन्हा दर तिमाहीस आणि संगणकावर सर्वांना पाहता येईल असे झाले. पण एक भोक बुजवायचे राहिले. पैसे देऊन लोकांकडून पत्रे, तारा, फोन करवून घेण्याचा उद्योग १९९५ च्या कायद्याने नोंदीबाहेर सोडला आणि २००७ साली तो आत आणणारे कलम सेनेटने गाळले. म्हणजे तो तीन सेंटवाला पोऱ्या आणि त्याचा धनी, दोघेही अजून वहीबाहेर आहेत.

इतर देशांतही वहीचे रूप तिला लिहिणाऱ्याच्या हेतूप्रमाणे बदलते. कॅनडाने १९८९ पासून नोंद सुरू केली. तेथे २००८ पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांशी ठरवून झालेल्या बोलण्यांची नोंद महिन्याच्या महिन्याला होते आणि त्यासाठी स्वतंत्र आयुक्त आहे. ब्रिटनने २०१४ साली कायदा केला, पण तो भाडोत्री सल्लागारांनाच लागू केला; कंपनीच्या पगारावरचा माणूस तीच खटपट करील तर त्याला नोंद नाही. आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात कामगार संघटनांच्या सभासद-नोंदींवर नवी तपासणी लादली. लॉबीवाल्यांना आवरायला निघालेला कायदा संघटनांची कपाटे उघडून परतला. आपल्याकडे असे विधेयक येईल तेव्हा ते शेवटच्या कलमापर्यंत वाचावे, तो याचसाठी.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वतंत्र भारताच्या संसदेतले या जातीचे पहिले गाजलेले प्रकरण मुंबईच्या बाजारातले आहे. १९५१ साली हंगामी संसदेचे सभासद एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेशी पैशांचा व्यवहार केला. त्याच्या बदल्यात प्रश्न विचारणे, वायदेबाजाराच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवणे, मंत्र्यांच्या भेटी घडवणे अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. पंडित नेहरूंनी स्वतः चौकशीचा ठराव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने ही वागणूक सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवली. सप्टेंबरात हकालपट्टीचा ठराव येताच मुदगल यांनी राजीनामा पुढे केला; सभागृहाने ती पळवाट म्हणून नोंदवली आणि ते हकालपट्टीसच पात्र होते असे ठरवले. नेहरू आपल्याच पक्षाच्या माणसाला पाठीशी घालू शकले असते. त्यांनी घातले नाही, हे त्या काळाचे तेज.

पण ठराव झाला तो सभासदाविषयी. प्रश्न विकत घेणाऱ्यांसाठी, किंवा उद्या उजळ माथ्याने मंत्र्यांच्या दारी येणाऱ्यांसाठी, काही नियम करावा, हे तेव्हा कोणाला सुचले नाही आणि पुढेही सुचले नाही. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेले लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक असे अकरा सभासद काढले गेले; त्यांत दोघे आपल्या खानदेशातले होते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही हकालपट्टी वैध ठरवली. लाचेच्या बाबतीतही कायदा पुढे सरकला. पैसे घेऊन मत देणाऱ्या सभासदाला विशेषाधिकाराचे कवच देणारा १९९८ चा निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठाने २०२४ च्या मार्चमध्ये रद्द केला. हे सारे योग्यच झाले. परंतु लाच ही चोरी आहे आणि लॉबिंग हा व्यापार आहे. चोरासाठी पोलीस लागतो. व्यापारासाठी वजन-मापे तपासणारा लागतो. आपण दार उघडणाऱ्याला शिक्षा केली. दार ठोठावणाऱ्याचे नाव कधी विचारले नाही.

याची शोभा २०१२ साली झाली. वॉलमार्ट कंपनीने अमेरिकन कायद्याप्रमाणे भरलेल्या हिशेबात, अनेक विषयांबरोबर, भारतीय बाजारपेठेत प्रवेश हाही विषय लिहिला होता. ती वही वाचून आपल्या संसदेत डिसेंबरात गदारोळ उठला. ही खटपट अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांकडची होती, असे कंपनीने सांगितले. सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची एकसदस्य समिती नेमली. गैरप्रकार झाला की नाही हा आमचा मुद्दाच नाही. मुद्दा असा की, आपल्या किराणा दुकानदाराच्या भवितव्याविषयी कोठे बोलणी झाली, याची पहिली लेखी ओळ आपल्याला परक्या देशाच्या वहीत वाचावी लागली, कारण आपल्याकडे वहीच नव्हती. २०१३ साली लॉबिंगची माहिती उघड करणारे एक खासगी विधेयक लोकसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

कोणी म्हणेल, ही वही म्हणजे साध्या माणसाच्या पायात बेडी होईल. त्याला आमचे उत्तर आमच्याच कपाटात आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून नोंदलेली प्रत्येक संघटना दरवर्षी जमाखर्चाचे विवरण सरकारी निबंधकाकडे पाठवीत आली. राजकीय कामासाठी पैसा वापरायचा तर वेगळा निधी हवा आणि त्याची वर्गणी सभासदाच्या खुशीची हवी, असेही त्या कायद्याने सांगितले. हमालाने, बिडीकामगाराने दिलेल्या वर्गणीतून दिल्लीच्या तिकिटावर किती गेले, ते संघटनेच्या वहीत आहे. या वहीने आमचा जीव गेला नाही. उलट सभासदाचा विश्वास तिनेच टिकवला. मग ज्यांचा खर्च आमच्या सबंध वर्षाच्या वर्गणीहून मोठा, त्यांनी कायदा वळवण्यासाठी काय खर्चले ते वेगळे दाखवू नये, हा कोणता न्याय? २०१९ आणि २०२० साली चार कामगार संहिता संसदेत मंजूर झाल्या. स्थायी समितीपुढे कोणी साक्ष दिली, ती नावे तिच्या अहवालांत छापली जातात; पण समितीबाहेर कोण कोणाला भेटले आणि कोणते कलम कोणाच्या शब्दाखातर बदलले, हे कोट्यवधी कामगारांना कळायची सोय नाही.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. जो पगार किंवा मोबदला घेऊन कायद्यासाठी खटपट करतो त्याने नाव, धनी, विधेयक, कलम आणि भेटलेल्या माणसाचे पद नोंदवावे. तो सल्लागार असो, कंपनीचा नोकर असो की आमच्यासारखा संघटनेचा कार्यकर्ता असो. स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी पदरचे भाडे खर्चून येणाऱ्या नागरिकाला यातून पूर्ण मोकळीक असावी. लोकांच्या नावाने पैसे देऊन उठवलेल्या मोहिमेचा खर्चही वहीत यावा. वही तपासायला स्वतंत्र अधिकारी असावा, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळापुरती तरी ती मराठीत, कोणालाही पाहता येईल अशी असावी. व्याख्या मात्र नेमक्या असाव्यात. १९४६ च्या कायद्याची गत आपण पाहिलीच.

निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत मतदाराचा जाणण्याचा हक्क मान्य केला. निवडणुकीपूर्वी पैसा कोठून आला हे जाणण्याचा हक्क असेल, तर निवडणुकीनंतर तो कोणाच्या ओसरीवर बसला हे जाणण्याचाही असला पाहिजे. वहीने सगळे सद्गुणी होतील, असा भ्रम आम्हाला नाही. अमेरिकेत ते झाले नाही. पण कोऱ्या वहीवर बोट ठेवून जाब विचारता येतो, नसलेल्या वहीवर येत नाही. आमच्या संघटनांनी वाट न पाहता आपल्या भेटींची यादी आपणच छापायला लागावे आणि मग मालकांच्या संस्थांना तेच करायला सांगावे. आमचे कपाट उघडे आहे. आता त्यांनी आपल्या कपाटाची किल्ली काढावी.